बारा तासांची ड्युटी आणि ओटीचे पैसे : हिशेब कसा करायचा, दाद कुठे मागायची



आपल्या पानावर नेहमी बोटुकली, जाळी, तळ्याचा ठेका, अनुदान यांची माहिती असते. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण आपल्याच घरातला आहे. उन्हाळ्यात तळी उतरली की औराद तालुक्यातली कितीतरी माणसं बाहेर कामाला जातात. कोणी हैदराबादला वॉचमन, कोणी चाकणला कंपनीत, कोणी हुमनाबादकडे, तर कोणी बर्फाच्या कारखान्यात नाहीतर मासळीच्या पॅकिंगला. बहुतेकांची ड्युटी बारा तासांची असते आणि गुत्तेदार पगार आठ तासांचा देतो. वरच्या चार तासांचे पैसे मागितले की "आपल्याकडे ओटी नसते" असं उत्तर मिळतं.

हे उत्तर कायद्यात बसत नाही. ओटी म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे, ती तुमच्या कामाची मजुरी आहे आणि तीही दुप्पट दराने. ती मिळवण्यासाठी फुकट वकीलसुद्धा मिळतो. ही माहिती नसल्यामुळे आपल्या लेकरांचे किती पैसे बुडतात, ते आधी हिशेबाने बघू.

१) आधी हिशेब

कायद्याने कामाचा दिवस ८ तासांचा आणि आठवडा ४८ तासांचा. जुन्या कारखाना कायद्यात (१९४८) दिवसाची मर्यादा ९ तास होती, आठवड्याची ४८ च होती. काही ठिकाणी आठवड्यातले चार दिवस १२-१२ तास काम लावून बाकी दिवस सुट्टी देतात. तिथे सुद्धा आठवड्याला ४८ च्या वर गेलेला प्रत्येक तास ओटीत धरायचा. ओटीचा दर नेहमीच्या दराच्या दुप्पट.

समजा महिन्याचा पगार १५,६०० रुपये आहे आणि २६ दिवस भरले. (हा आकडा फक्त हिशेबासाठी घेतला आहे. किमान वेतन राज्याप्रमाणे आणि कामाप्रमाणे वेगळं असतं.)

- एका दिवसाचे : १५,६०० भागिले २६ = ६०० रुपये
- एका तासाचे : ६०० भागिले ८ = ७५ रुपये
- ओटीचा एक तास, दुप्पट दराने : १५० रुपये
- रोज ४ तास ओटी : ६०० रुपये
- २६ दिवसांची ओटी : १५,६०० रुपये

म्हणजे आठवड्यातले सहा दिवस बारा तास ड्युटी केली, तर ओटीचे पैसे पूर्ण एका पगाराएवढे होतात. हातात ३१,२०० यायला पाहिजेत. 'सिंगल ओटी' म्हणजे साध्या दराने दिली तर २३,४०० येतात, आणि दिलीच नाही तर १५,६००. आठ महिने असं काम केलेल्या माणसाचे सिंगल ओटीत ६२,४०० रुपये बुडतात आणि ओटी न देणाऱ्याकडे १,२४,८०० रुपये. एवढ्यात घरातल्या एकदोन अडचणी सुटतात.

हिशेब करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. जेवणाची सुट्टी खरंच मिळत असेल तर तेवढा वेळ कामाच्या तासात येत नाही, तो वजा करा. पण गेटवरच बसून डबा खाल्ला आणि गाडी आली की उठून गेट उघडलं, तर त्याला सुट्टी म्हणता येत नाही. तो वेळ कामाचाच.

२) हे आठ तास आले कुठून?

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चालायचं, आठवड्याची सुट्टीही नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना एकत्र करून सभा घेतल्या, अर्ज केले. १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळात कामाचे तास कमी करण्याचा विषय पुढे गेला आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. दुप्पट ओटीची तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ५९ मध्ये होती.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नवीन कामगार संहिता लागू झाल्या आहेत. ओटी दुप्पट हा नियम त्यातही कायम आहे. वेतन संहिता २०१९ च्या कलम १४ मध्ये तो आहे. सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीच्या संहितेतही आहे, आणि तिथे असंही म्हटलं आहे की ओटी कामगाराच्या संमतीनेच घ्यायची. "नवीन कायद्यात ओटी गेली" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

३) २०२० सालच्या दोन घटना

पहिली गुजरातची. लॉकडाऊनच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, गुजरात सरकारने कारखान्यांना सूट दिली : कामगारांकडून दिवसाला १२ तास काम घ्या आणि वरच्या तासांना साधाच दर द्या. गुजरात मजदूर सभा ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२० ला न्यायालयाने ती सूट रद्द केली. साथीचं संकट आहे म्हणून त्याचा भार कामगाराच्या मजुरीवर टाकता येत नाही, असा निकालाचा अर्थ. शिवाय त्या काळात ज्यांनी जादा काम केलं, त्यांना कायद्याप्रमाणे दुप्पट ओटी द्या असा हुकूमही दिला. आपल्या कर्नाटक सरकारनेही मे २०२० मध्ये कामाचे तास वाढवणारी अधिसूचना काढली होती. प्रकरण हायकोर्टात गेल्यावर जूनमध्ये ती मागे घेतली.

दुसरी घटना कोलार जिल्ह्यातल्या नरसापूरची. तिथे विस्ट्रॉन कंपनीच्या कारखान्यात आयफोन जोडायचं काम चाले. बरेच कामगार गुत्तेदारांमार्फत आलेले होते. ठरलेला पगार मिळत नाही, उशिरा मिळतो, बारा तासांच्या पाळीची ओटी नीट लागत नाही अशा त्यांच्या तक्रारी होत्या. १२ डिसेंबर २०२० ला सकाळी पाळी बदलताना लोकांचा संताप बाहेर पडला आणि कारखान्याची मोठी तोडफोड झाली. नंतरच्या तपासणीत हजेरी आणि पगाराच्या नोंदीत दोष सापडले, म्हणजे कामगारांची तक्रार खोटी नव्हती. ॲपलने कंपनीचं नवीन काम थांबवलं, कंपनीने माफी मागितली आणि वरच्या अधिकाऱ्याला बाजूला केलं. पण तोपर्यंत शंभरच्या वर पोरांना पोलिसांनी उचललं होतं.

दोन्ही घटनांत मागणी खरी होती. गुजरातच्या कामगारांनी कागद घेऊन कोर्ट गाठलं आणि पैशाचा हुकूम मिळवला. नरसापूरला चूक कंपनीची निघाली, तरी गुन्हे कामगारांवर दाखल झाले. म्हणून घरातल्या तरुण पोरांना सांगा, राग आला तरी हात उचलू नका, हिशेबाची वही काढा.

४) ओटी कोणाला लागू, कोणाला नाही?

लागू : कारखाना, बर्फाचा कारखाना, मासळी पॅकिंग, गोदाम, दुकान, हॉटेल, बांधकाम, वॉचमन, हाऊसकीपिंग, लोडिंग. कायम असो की गुत्तेदाराचा, रोजंदारी असो की महिना पगारी, सगळ्यांना.

लागू नाही : स्वतःच्या जाळ्याने मासे धरून सोसायटीला घालणारा आपला सभासद. त्याला मालक नाही, तो मजूर नाही. रात्री दोनला तळ्यावर गेला तरी त्याची ओटी होत नाही.

मात्र सोसायटी किंवा ठेकेदार तळ्याच्या राखणीला पगारी माणूस ठेवत असेल, तर तो कामगारच झाला आणि त्याला हाच कायदा लागू. दुसऱ्याकडे आपल्या पोरांचा हक्क मागायचा आणि आपल्या राखणदाराला मात्र रात्रंदिवस एकाच पगारात बसवायचं, हे चालणार नाही. सर्व संस्थांनी राखणदाराच्या पाळ्या आणि हजेरी लिहून ठेवावी.

काही मालक साध्या कामगाराला 'सुपरवायझर' असं नाव देतात आणि ओटी बंद करतात. यात हुद्दा काय लिहिला आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम कोणतं आहे, हे बघितलं जातं. इतरांसारखंच माल उचलायचं काम असेल तर नुसत्या नावाने हक्क जात नाही.

५) पुरावा आजपासून जमा करा

पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, वेतन संहितेच्या कलम ५९ मध्ये ते आहे. हजेरी आणि पगाराचं रजिस्टर ठेवणं आणि पगाराची चिठ्ठी देणं हेही मालकाचंच काम. पण तुम्ही तिथे होता आणि एवढे तास काम केलं, हे दाखवायला तुमच्याकडे काहीतरी पाहिजे. नुसत्या तोंडी बोलण्यावर प्रकरण कमजोर होतं.

- एक छोटी वही ठेवा. रोज तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, जेवणाची सुट्टी, कोणाच्या सांगण्यावरून थांबलो. रोजच्या रोज लिहा. महिन्याच्या शेवटी एकदम बसून लिहिलेल्या वहीवर समोरचा शंका घेतो.
- हजेरी कार्ड, गेटपास, ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी यांचे फोटो काढून घरी पाठवून ठेवा. मोबाईल हरवला तरी फोटो राहतात.
- गुत्तेदाराचे किंवा सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका. "आज रात्री थांब" एवढा मेसेजसुद्धा कामाला येतो.
- पगार शक्यतो बँकेत घ्या. रोख मिळत असेल तर तारीख आणि रक्कम वहीत लिहा.
- पीएफ, ईएसआय कापत असतील तर ते नंबर लिहून ठेवा. कोणत्या कंपनीत कामाला होतो हे त्यातून कळतं.
- कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता आणि गुत्तेदाराचं पूर्ण नाव माहीत करून घ्या. आपल्या बऱ्याच लोकांना फक्त 'शेठ' एवढंच माहीत असतं, आणि अर्ज तिथेच अडतो.
- कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर सही किंवा अंगठा देऊ नका.

६) दाद मागायची पायरी-पायरीने

पहिली पायरी : लेखी मागणी. मालक किंवा एच.आर.ला साधा अर्ज द्या. "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रोज १२ तास काम केलं. एकूण इतके तास ओटी झाली. दुप्पट दराने इतकी रक्कम येणं आहे. पंधरा दिवसांत द्यावी." एवढंच लिहा. शिवीगाळ नको, धमकी नको. पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

दुसरी पायरी : कामगार खात्याकडे तक्रार. काम जिथे केलं तिथलं कार्यालय लागतं. पुण्यात काम केलं तर महाराष्ट्राचं, हैदराबादचं असेल तर तेलंगणाचं, बिदर-हुमनाबादचं असेल तर कर्नाटकाचं. आपल्याकडे पाटीवर कन्नडमध्ये 'कार्मिक इलाखे' असं लिहिलेलं असतं. बऱ्याच वेळा अधिकाऱ्याने मालकाला बोलावून घेतलं की तिथेच तडजोड होते. तडजोडीत रक्कम आणि तारीख लिहून घ्या, तोंडी "देतो" यावर उठू नका.

तिसरी पायरी : वेतनाचा दावा. वेतन संहितेच्या कलम ४५ खाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे हा दावा करायचा. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा :

- पैसे येणं झाल्यापासून ३ वर्षांच्या आत अर्ज करता येतो. म्हणजे काम सोडून गावी आल्यावरही हक्क शिल्लक राहतो.
- एकाच ठिकाणच्या अनेक कामगारांचा मिळून एकच अर्ज चालतो. नोंदणी झालेली युनियनही अर्ज करू शकते. एकट्याला भीती वाटते, दहा जणांच्या अर्जात ती कमी होते.
- अधिकारी बुडवलेली रक्कम तर देववू शकतोच, शिवाय त्या रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाईचा हुकूम करू शकतो. प्रत्येकाला दहा पट मिळेलच असं नाही, पण मालकाला ही धास्ती असते.
- तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असं कायदा सांगतो.
- हुकूम होऊनही पैसे दिले नाहीत, तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

२१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीची थकबाकी असेल तर उशीर करू नका. जुन्या कायद्यात मुदत कमी होती : किमान वेतनाच्या दाव्याला ६ महिने आणि वेतन प्रदान कायद्याच्या दाव्याला १२ महिने. मालकाचा वकील हा मुद्दा काढणारच. अशा प्रकरणात आधी वकिलाला भेटा. उशिराचं सबळ कारण असेल तर तेही अर्जात लिहावं लागतं.

७) वकिलाला पैसे नाहीत, मग?

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला फुकट कायदेशीर मदत मिळते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले लोक यांनाही मिळते. त्यात वकील येतो, अर्ज लिहून देणं येतं, कोर्टाची फी येते.

त्यासाठी औरादच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे जा. कन्नडमध्ये तिला 'कानूनु सेवा समिती' म्हणतात. जिल्ह्याला बिदरच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. काम परराज्यात केलं असलं तरी आधी इथे विचारा, तिथल्या प्राधिकरणाकडे कसं जायचं ते सांगतात. देशभर चालणारा १५१०० हा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

आपली आणखी एक अडचण असते भाषेची. घरी आपण मराठी बोलतो, इथल्या कार्यालयात कन्नड आणि हैदराबादला तेलुगू. कागद वाचता येत नाही म्हणून बरेच जण आतच जात नाहीत, बाहेरूनच परत येतात. म्हणूनच अर्ज लिहून देण्याची सोय या मदतीत आहे. तुम्ही वही, फोटो आणि हिशेब मराठीत नेला तरी चालतो, तिथला वकील त्याचा अर्ज करून देतो. मात्र सही करण्याआधी तो आपल्या भाषेत वाचून घ्या.

८) मालकाची ठरलेली उत्तरं

"बारा तासांचा मिळून पगार ठरला होता." किमान वेतन नेहमीच्या कामाच्या दिवसाचं असतं, बारा तासांचं नसतं. बारा तासांचा मिळून एकच आकडा दाखवून किमान वेतन दिलं असं म्हणता येत नाही.

"तू सही करून दिली आहेस, काही येणं नाही म्हणून." या संहितेखाली येणं असलेल्या रकमेवरचा हक्क सोडल्याचा करार रद्दबातल धरला जातो, कलम ६० बघा. तरी अशी सही देऊ नये हे चांगलं.

"मी पैसे गुत्तेदाराला दिले, त्याला विचार." गुत्तेदाराने दिले नाहीत तर ज्याच्या आस्थापनेत काम केलं त्याची जबाबदारी राहते. म्हणून अर्जात गुत्तेदार आणि कंपनी दोघांची नावं घाला.

"त्याबदली सुट्टी दिली ना." रविवारी काम केलं त्याची बदली सुट्टी हा वेगळा विषय आहे. रोजच्या जादा तासांचे पैसेच द्यावे लागतात.

"जमत नसेल तर काम सोड." काम सोडलं किंवा काढलं तर दोन कामाच्या दिवसांत राहिलेलं सगळं वेतन द्यावं असा नियम आहे. ओटीचा दावा त्यानंतरही चालू राहतो.

शेवटी एक विनंती

या वर्षी जे बाहेर कामाला जाणार आहेत, त्यांना घरच्यांनी जाताना शिदोरीबरोबर एक वही आणि पेन द्यावं. जे गेले आहेत त्यांना आजच ही पोस्ट पाठवा. ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनी कंपनीचं नाव, कामाच्या तारखा आणि जे कागद असतील ते घेऊन सोसायटीच्या कार्यालयात यावं. कोर्ट आपण चालवू शकत नाही, पण हिशेब मांडून देणं आणि विधी सेवा समितीपर्यंत सोबत येणं एवढं नक्की करू. नाव आणि रक्कम इथे खाली लिहू नका, प्रत्यक्ष येऊन सांगा.

तळ्यातला मासा सुटला तर पुन्हा जाळ्यात येईल, पण मुदत गेली की हक्काचे पैसे मिळवणं अवघड होतं. तेव्हा वेळेत या.

आपला,
सचिव